‘आपल्यालाच होतं ना, सर?’ : पुण्याकडे उतरताना झालेल्या एका चुकीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या स्वतःच्या कॉकपिटमधलं आहे. विमान कंपनीचं नाव आणि साल दिलेलं नाही, उड्डाणांचे क्रमांक बदलले आहेत, आणि माझ्या सहवैमानिकाची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. चूक कोणाची होती, हे मात्र बदललेलं नाही. ती आमची होती, आणि त्यातही जास्त माझी.

पार्श्वभूमी

पुणेकर ज्याला ‘लोहगाव विमानतळ’ म्हणतात तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी टर्मिनल त्याच्या एका कडेला आहे. धावपट्टी एकच, अडीच किलोमीटरच्या थोडी वर, पूर्व-पश्चिम. नियंत्रण हवाई दलाकडे. लढाऊ विमानांचा सराव सांभाळून प्रवासी विमानांच्या वेळा ठरतात, त्यामुळे मोकळ्या वेळात गर्दी होते. एकामागून एक उतरणारी आणि त्यांच्या मधून निघणारी विमानं, असं चित्र संध्याकाळी नेहमी दिसतं.

आणखी एक गोष्ट प्रवाशांच्या लक्षात येत नाही. आम्ही उंची मोजतो ती समुद्रसपाटीपासून, आणि लोहगाव स्वतःच सुमारे १,९४० फुटांवर आहे. म्हणजे आमच्या यंत्रावर ८,००० फूट दिसतात तेव्हा पायाखाली जमीन सहा हजार फुटांवर असते. सिंहगडाचा माथा ४,३०० फुटांच्या आसपास, पुरंदर त्याहून उंच. मनाला येईल तसं खाली सरकायला इथे मोकळीक नाही. नियंत्रक विमानांना जिन्याच्या पायऱ्यांसारखं एकेक हजार फुटांच्या फरकाने ठेवतो आणि खालची पायरी मोकळी झाली की वरच्याला खाली घेतो.

त्या हजार फुटांना मोठा अर्थ आहे. दोन विमानांत उभं अंतर किमान १,००० फूट हवं. ते नसेल तर रडारवर आडवं अंतर हवं : साधारणपणे पाच नॉटिकल मैल, परवानगी असेल तिथे तीन. दोन्ही अंतरं एकाच वेळी कमी पडली की त्याला ‘लॉस ऑफ सेपरेशन’ म्हणतात. टक्कर झालीच पाहिजे असं नाही. पण टक्कर न होण्याचं कारण आता तुमची शिस्त नसते, नशीब असतं किंवा यंत्र.

पावसाळा सरत आलेला, संध्याकाळची वेळ, दिल्ली-पुणे उड्डाण. डाव्या खुर्चीत मी, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेला कॅप्टन, मूळचा सदाशिव पेठेतला आणि आता विमाननगरला राहणारा. उजवीकडे सत्ताविशीचा सहवैमानिक, सासवडकडचा. घरची अंजिराची बाग. इंदूरच्या पुढे आलो तसा पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाचा विषय निघाला. तो हसून म्हणाला, “सर, मी विमान चालवतो आणि आमचे आजोबा म्हणतात, विमानतळाला इंचभर जमीन देणार नाही.” मग अंजीर, मग सासवडच्या बाजारातले भाव. मी त्याला ‘अरे’ म्हणत होतो, तो मला ‘सर’ आणि ‘तुम्ही’. उतरेपर्यंत आमचं नातं जवळजवळ काका-पुतण्याचं झालं होतं.

१०,००० फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे. तो आम्ही पाळला. अंजिरं दहा हजार फुटांवरच थांबली. भाषा मात्र मराठीच राहिली, आणि हे महत्त्वाचं आहे हे मला फार उशिरा कळलं.

अडचण

आमचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, ‘दोन-आठ-सहा’ धरू. त्याच वेळी आमच्याच कंपनीचं ‘दोन-सहा-आठ’ दौंडच्या बाजूने पुण्याकडे येत होतं. एकाच कंपनीचा शब्द, त्यानंतर तेच तीन आकडे, फक्त क्रम वेगळा. नियंत्रकाने आम्हा दोघांनाही आधीच सांगितलं होतं : सारख्या कॉलसाइनची विमानं फ्रिक्वेन्सीवर आहेत, लक्ष असू द्या. आम्ही “रॉजर” म्हणालो. आठ मिनिटांनी ते आमच्या डोक्यातून गेलं होतं.

शिरूरच्या आसपास आम्ही ९,००० फुटांवर सपाट चाललो होतो आणि मी अस्वस्थ होतो. वैमानिकाचा ढोबळ हिशोब असतो : दर हजार फूट उतरायला तीन मैल. आम्हाला सात हजार फूट उतरायचे होते, म्हणजे एकवीस मैल, वर वेग कमी करायला आणखी थोडे. हातात होते साधारण पंचवीस. कोणत्याही क्षणी खाली बोलावणार, बोलवायलाच हवं, असं मी मनात धरून बसलो होतो.

आमच्या खाली ८,००० फुटांवर एक तिसरं विमान होतं. दुसऱ्या कंपनीचं, पुण्याहून नुकतंच निघालेलं, नागपूरकडे चाललेलं. आम्ही वरून निघून जाईपर्यंत त्याला तिथेच धरून ठेवलं होतं. आम्हाला खाली घेतलं जात नव्हतं ते त्याच्यामुळे.

मग रेडिओवर आवाज आला : “दोन-सहा-आठ, सात हजार फुटांवर उतरा.” अर्थात इंग्रजीत.

मला ऐकू आलं ते मला हवं होतं ते. ऑटोपायलटला उंची ठरवून देणारा नॉब मी ७,००० वर फिरवला. सहवैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवली, आमच्या कॉलसाइनने. त्याच क्षणी दोन-सहा-आठनेही ती परत म्हणून दाखवली. दोघं एकाच वेळी बोलले की रेडिओवर नुसती शिट्टीसारखी किरकिर ऐकू येते. नियंत्रकाने ती ऐकून जे करायला हवं तेच केलं. त्याने पुन्हा विचारलं : “दोन-सहा-आठ, सात हजारांवर उतरताय, खात्री करा.” त्या विमानाने होकार दिला. त्याच्या दृष्टीने विषय संपला.

आमचं विमान खाली निघालं होतं.

निर्णयाची पहिली जागा

सहवैमानिकाने ती खात्री करून घेणारी सूचना नीट ऐकली होती. ‘दोन-सहा-आठला का विचारतोय?’ हे त्याच्या मनात आलं. तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, “आपल्यालाच होतं ना, सर?”

मी म्हणालो, “हो, आपल्यालाच.”

संपलं. एकूण दोनेक सेकंद.

पुढे हे रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं. त्याने शंका बोलून दाखवली होती, गप्प बसला नव्हता. प्रशिक्षणात आम्ही जे शिकवतो, ‘शंका आली की बोला’, ते त्याने केलं होतं. तरी उपयोग झाला नाही, कारण त्या वाक्यात ‘ना’ आहे. मराठीत ‘ना’ लावून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आधीच चिकटलेलं असतं. ‘जेवलास ना?’ याला ‘हो’ म्हणायचं असतं. मोठ्या माणसाला तू चुकतोयस असं न म्हणता शंका काढायची आपली सभ्य रीत आहे ती. घरात चांगली आहे. कॉकपिटमध्ये ती प्रश्न चुकीच्या माणसाकडे पाठवते. सूचना नियंत्रकाने दिली होती, तेव्हा विचारायचं त्याला. त्याने विचारलं मला, आणि सूचना चुकीची ऐकली होती मीच.

पर्याय तीन होते. एक, बटण दाबून थेट नियंत्रकाला विचारणं : “दोन-आठ-सहासाठी खाली उतरण्याची सूचना आहे का?” चार सेकंद. दोन, उतरणं थांबवून मग विचारणं. तीन, आम्ही जे केलं ते. इंग्रजीतला ठरीव शब्द ‘कन्फर्म’ वापरला असता तर तो आपसूक नियंत्रकाकडे गेला असता, कारण त्या शब्दाला वय नसतं, हुद्दा नसतो, काका-पुतण्या नसतो.

निर्णयाची दुसरी जागा

सुमारे ८,८०० फुटांवर कॉकपिटमध्ये यांत्रिक आवाज आला : “ट्रॅफिक, ट्रॅफिक.”

हे टीकॅस, विमानांची टक्कर टाळणारी यंत्रणा. विमानं एकमेकांच्या ट्रान्सपॉन्डरशी, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची आपोआप कळवणाऱ्या यंत्राशी, परस्पर बोलतात, जमिनीवरच्या रडारची त्यात गरज नसते. या उंचीवर टीकॅस धोक्याच्या क्षणाच्या साधारण ४० सेकंद आधी सावध करतं आणि साधारण २५ सेकंद आधी थेट आज्ञा देतं. भारतात ही यंत्रणा सक्तीची झाली ती चरखी दादरीनंतर. १२ नोव्हेंबर १९९६ ला १५,००० फुटांवर थांबायचं असलेलं कझाक विमान त्याखाली उतरलं, समोरून १४,००० वर सौदी जम्बो येत होतं. ३४९ माणसं गेली. आमच्या पिढीचे वैमानिक ते गाव नकाशावर न बघता दाखवू शकतात. त्या अपघाताच्या आणि आमच्या चुकीच्या सांगाड्यात फरक एवढाच की आमच्याकडे टीकॅस होतं. बाकी, ठरलेल्या उंचीखाली कोणी तरी उतरत होतं, आणि खाली कोणी तरी होतं.

पडद्यावर ते तिसरं विमान पिवळं झालं. आमच्याखाली आठशे फूट. नियम सांगतो की नुसत्या ‘ट्रॅफिक’ इशाऱ्यावर विमान वळवू-चढवू नका. बघा, तयार राहा. मी त्या नियमाचा आडोसा घेतला. बाहेर बघितलं, संध्याकाळच्या धुरकटात काही दिसलं नाही. नियंत्रकाला माहीत असेल, ते थोड्या वेळात बाजूला होईल, असं स्वतःला सांगितलं.

आज वाटतं, तो नियम मी चुकीच्या जागी लावला. इशाऱ्यावर विमान उधळायचं नाही हे खरं. पण उतरण्याच्या सूचनेबद्दल शंका निघालेली असताना उतरणं थांबवणं म्हणजे उधळणं नव्हे. एक बटण. विमान सपाट झालं असतं आणि बहुधा ही गोष्ट लिहावी लागली नसती.

मग नियंत्रकाचा आवाज : “दोन-आठ-सहा, तुमची उंची सांगा.”

सहवैमानिक म्हणाला, “साडेआठ हजार, सात हजारांकडे उतरतोय.”

रेडिओवर क्षणभर काहीच नव्हतं. त्या शांततेत मला सगळं कळलं. माझा हात नॉबकडे गेला. त्याआधीच टीकॅस ओरडलं : “क्लाइंब, क्लाइंब.”

काय केलं

इथून पुढे निवडायला काही नव्हतं, आणि नसावंच. टीकॅसची आज्ञा आली की ती पाळायची, नियंत्रक उलट सांगत असला तरी. हा धडा १ जुलै २००२ ला जर्मनीत युबरलिंगेनवर शिकला गेला : रशियन प्रवासी विमानाला टीकॅस ‘वर’ सांगत होतं, नियंत्रक ‘खाली’. वैमानिक खाली गेले. समोरच्या मालवाहू विमानाला टीकॅसने ‘खाली’ पाठवलं होतं. ७१ मृत्यू.

ऑटोपायलट काढला, नाक वर केलं, पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्यात काटा आणला. सहवैमानिकाने रेडिओवर एवढंच सांगितलं की आम्ही टीकॅसच्या आज्ञेवर आहोत. त्याचा आवाज माझ्यापेक्षा स्थिर होता. नियंत्रक तोवर दुसऱ्या विमानाला वळवत होता, पण त्यालाही त्याच्या टीकॅसने खाली ढकललं होतं. दोन्ही यंत्रं आपसात ठरवून एकाला वर, एकाला खाली पाठवतात, ही त्यांची खरी करामत.

आम्ही सर्वांत खाली ८,३०० फुटांपर्यंत गेलो होतो. विमानं एकमेकांना ओलांडून गेली तेव्हा उभं अंतर सहाशे फुटांच्या आसपास आणि आडवं मैलाहून कमी होतं.  मग टीकॅसचं “क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट”, म्हणजे धोका टळला, ऐकू आलं आणि आम्ही ९,००० वर परतलो.

यानंतरचा निर्णय मला जास्त कठीण गेला : आता विमान कोण उतरवणार? माझा हात थरथरत होता. पायलटला हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. लगेच उतरायला निघायचं की एक फेरी घेऊन डोकं थाऱ्यावर आणायचं? इंधन पुरेसं होतं. मी नियंत्रकाकडे दहा मिनिटं मागितली आणि सहवैमानिकाला म्हणालो, “तू उतरव, रेडिओ मी घेतो.” या वेळी इंग्रजीत. वाघोलीच्या बाजूने येऊन त्याने विमान इतकं अलगद टेकवलं की मागे कोणी तरी टाळ्या वाजवल्या.

प्रवाशांना काय सांगायचं हाही प्रश्न होता. मी मोजकं सांगितलं : दुसऱ्या विमानापासूनचं अंतर राखण्यासाठी अचानक चढावं लागलं, घाबरण्यासारखं आता काही नाही. खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. दारात उभा होतो तेव्हा एक आजोबा थांबले आणि म्हणाले, “रस्त्यातले खड्डे वरपर्यंत पोचले की काय पुण्याचे?” मी हसलो. ते हसले नाहीत.

उतरल्यावर

चाळीस मिनिटांनी आम्हालाच परत दिल्लीला जायचं होतं. कंपनीच्या ड्युटी अधिकाऱ्याला फोन केला, आम्ही पुढचं उड्डाण करत नाही, दुसरा क्रू द्या. तो म्हणाला, “कॅप्टन, कोणाला लागलं नाही ना?” पुन्हा तो ‘ना’. उड्डाण साडेतीन तास उशिरा गेलं. प्रवासी चिडले, रास्तच होतं.

आमच्या विमानात कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग दोन तासांचं होतं. वीज चालू राहिली तर जुनं पुसून नवं भरत जातं. इंजिनिअरला सांगून ते थांबवलं. अशा वेळी हे काम विसरणं सोपं असतं, आणि कधीकधी सोयीचंही. अहवाल त्याच रात्री लिहिला, आधी दोघांनी वेगवेगळा, मग एकत्र. दोन्ही अहवालांत ‘ना’ नव्हता. माझ्या अहवालात “सहवैमानिकाने शंका घेतली नाही” असं होतं. त्याच्यात “मी कॅप्टनकडून खात्री करून घेतली” असं. दोघांनाही आपण खरंच लिहितोय असं वाटत होतं.

चौकशीत दोष वैमानिकांवर आला. मला काही काळ उड्डाणांपासून दूर ठेवलं, सिम्युलेटरवर पुन्हा तपासणी झाली, त्याचीही झाली. कंपनीने त्या दोन उड्डाणांपैकी एकाचा क्रमांक बदलला. अनेक कंपन्या अशा जोड्या टाळायला आकड्यांत अक्षरं मिसळतात. वेळापत्रक बनवतानाच, एकाच वेळी एकाच विमानतळाकडे येणाऱ्या उड्डाणांचे आकडे शेजारी ठेवून बघितले तर ही अडचण उगवतच नाही. कंटाळवाणं काम आहे, म्हणून राहून जातं.

वेगळं काय करता आलं असतं

सारख्या कॉलसाइनचा इशारा मिळाला तेव्हा तो कागदावर लिहून समोर लावायला हवा होता. मी नंतर कायम तसं केलं, पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात.

सूचना आणि आपली अपेक्षा जुळली की कान सैल पडतात. तेव्हा ज्या सूचनेची आपण वाट बघत होतो ती आली की कॉलसाइन दुप्पट काळजीने ऐकायचा. हे सांगायला सोपं आहे. करायला एकच युक्ती मला सापडली : सूचना परत म्हणून होईपर्यंत हात मांडीवर.

खाली विमान आहे हे पडद्यावर आधीपासून दिसत होतं. पिवळं होण्यापूर्वी ते पांढरं होतं, आणि उणे दहा असा आकडा, म्हणजे हजार फूट खाली, त्याच्या शेजारी होता. खाली जाण्याआधी खाली कोण आहे हे बघायला नियमाची गरज नव्हती.

भाषेबद्दल मी कंपनीला सुचवलं होतं की १०,००० फुटांखाली दोघांची मातृभाषा एक असली तरी फक्त इंग्रजीच. त्यावर बरीच चर्चा झाली आणि नियम झाला नाही. प्रशिक्षण विभागातल्या एका मल्याळी कॅप्टनचं म्हणणं होतं, घाबरल्यावर माणूस आईच्या भाषेतच ओरडतो, आणि तो ओरडा दाबणं जास्त धोक्याचं. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. प्रशिक्षणात शेवटी एवढंच आलं की शंका असली तर ती शेजाऱ्याला नाही, नियंत्रकाला विचारा.

तो सहवैमानिक आता कॅप्टन आहे. गेल्या हिवाळ्यात विमाननगरच्या घरी आला, अंजिरांची पेटी घेऊन. गप्पांच्या ओघात मी त्याला विचारलंच, की त्या दिवशी तू ‘ना’ का लावलास, सरळ रेडिओवर का नाही विचारलंस. मी इतकी वर्षं ती गोष्ट वैमानिकांना सांगत आलो होतो, सभ्यपणाचा तोटा म्हणून.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, नियंत्रकाचं वाक्य संपायच्या आधीच तुम्ही नॉब फिरवला होता.”

फ्लाइट रेकॉर्डरचे आकडे माझ्याकडे होते. रात्री काढून बघितले. सूचनेतला ‘सात हजार’ संपायच्या एक सेकंद आधी नॉब हलला होता.